सांधा, सिग्नल आणि मी

१६ जानेवारी, गुरुवार. सकाळी ७.
आजपासून चिडायचं नाही. कॉलनीच्या बागेतल्या छोट्या रेल्वेची सिग्नल केबिन ऑटोमॅटिक होणार आहे. चार वर्षं तिथले लिव्हर मी ओढते. बाबा निफाडला स्टेशनमास्तर होते. सिग्नल माझ्या रक्तात आहे. नवी सिस्टीम बसवणारा सुनील इंजिनीअर आहे, त्याच्या रक्तात नुसत्या वायरी.

सायं. ६. चिडले. सुनील म्हणतो, काकू, आता रूळ बदलायचा सांधा नीट बसल्याशिवाय सिग्नल पडणारच नाही, सिस्टीम अडवेल. मी म्हटलं, मग इतके दिवस मी काय करत होते? तर म्हणे, डिसेंबरात दोन गाड्या समोरासमोर आल्या होत्या. आल्या होत्या, धडकल्या का? काकू म्हणू नकोस, हेही सांगितलं.

१९ जाने., रविवार.
सेक्रेटरी रंगनाथराव म्हणाले, २६ला सिस्टीम नीट चालली तर केबिनमध्ये माणूस नको. तोवर मी बसावं, इमर्जन्सीला. वॉकीटॉकी दिला. म्हणजे त्यांनाही खात्री नाही. केबिन माझीच राहणार.

२३ जाने., गुरुवार.
ट्रायल. सिस्टीमने रिकाम्या रुळावर गाडी दोनदा अडवली. भित्री आहे. सुनीलला सेन्सरवर माझा थर्मास सापडला. शहाण्या सिस्टीमला थर्मास ओळखता येऊ नये?

२६ जाने., रविवार. रात्री.
पावणेपाचला दिवा हिरवा झाला. मी वॉकीटॉकीवर गाडीच्या ड्रायव्हरला खणखणीत सांगितलं, बहिरू, सिग्नल पडला! चालत्या गाडीला बहिरूने कचकन ब्रेक मारला. बारा मुलं एकमेकांवर. मी ओरडले, पडला, पडला! तो हलेचना. नंतर मलाच सांगतो, मॅडम, तीस वर्षं रिक्षा चालवली, सीबीएसच्या चौकात सिग्नल पडला की थांबायचं, नायतर ट्रॅफिकचा मामा शिट्टी मारतो. अरे, रेल्वेत सिग्नलचा हात खाली पडला की निघायचं! तर म्हणे, हात कुठंय, दिवाच हाय. मग दिवा हिरवा दिसला नाही का? दिसला ना, पण तुम्ही ओरडल्यावर दिव्याचं कोण ऐकतं?
निदान एकाला तरी माझी किंमत आहे.
मागून रंगनाथराव बसलेली दुसरी गाडी येत होती. पुढे रूळ अडलेला, म्हणून सिस्टीमने तिला आपोआप लाल दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सिस्टीमला! पुढची गाडी थांबवली कुणी?

२७ जाने., सोमवार.
कमिटी भरली. केबिनला कुलूप. वॉकीटॉकी सुनीलने नेला, थँक्यू काकू म्हणत. मला प्लॅटफॉर्मवर हिरवा झेंडा दाखवायचं काम. रंगनाथराव म्हणाले, मानाचं आहे. प्रमोशनच. केबिनमध्ये मला बघत तरी कोण होतं? कॉन्व्हेंटमध्ये परेडला झेंडा माझ्याच हातात असायचा. रोज दहा मिनिटं प्रॅक्टिस करायची.

२ फेब्रुवारी, रविवार. सायं. ५.
कडक इस्त्रीची साडी. केस नीट. पाचला ताठ उभी राहून झेंडा दाखवला.
हिरव्या दिव्यावर गाडी आधीच सुटली होती.