परीक्षणाला दिलेलं पुस्तक

सर, तुमच्या पुस्तकाचं परीक्षण मी अखेर लिहिलं. तुम्ही जाऊन सहा वर्षं झाली, आणि ते आता छापता येणार नाही. दोन वर्षांपेक्षा जुनं पुस्तक परीक्षणाला घ्यायचं नाही असा आमच्या मासिकाचा नियम आहे. तो नियम मीच केलेला. त्यामुळे चार पानं माझ्याजवळच आहेत, आणि ती तशी का राहिली हे तुम्हाला सांगायचं म्हणून हे लिहिते आहे.

मी अकरावीत होते तेव्हा तुम्ही मला पहिलं पुस्तक दिलंत. म्हसळ्याहून तुम्ही एकट्याने चालवत होतात ते त्रैमासिक, छपाईला माणगावला जायचं, आणि परीक्षणं लिहायला माणसं मिळत नव्हती. "दोन पानं लिहून आण," तुम्ही म्हणालात. "गोष्ट सांगू नको. गोष्ट लेखकाने सांगितलीय. वाचताना तुझं काय झालं ते सांग." मी आठ दिवसांनी बोर्लीहून एसटीने आले. अम्मीने अब्बांनी कुवेतहून आणलेला खजूर डब्यात भरून दिला होता. तुम्ही डबा काकूंकडे दिलात आणि कागद हातात घेतलेत. काकू विळीवर नारळ खवत बसल्या आहेत, मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर टेकले आहे, आणि तुम्ही मोठ्याने वाचता आहात. पहिल्याच ओळीशी थांबलात. "अप्रतिम म्हणजे काय गं?" उत्तर तुम्हीच दिलंत. "ज्याला तोड नाही ते. तोड आहे की नाही हे बघायला तू आजवर किती कादंबऱ्या वाचल्यास?" मी म्हटलं, "तीन, सर." काकूंना हसू आवरेना. तुम्ही मात्र हसला नाहीत. "मग खोड ते." मी तिथेच बसून खोडलं. जाताना तुम्ही ते पुस्तक मला देऊन टाकलंत, म्हणालात की परीक्षण लिहिणाऱ्याची प्रत त्याचीच असते. आमच्या घरात कुराण आणि शाळेची पुस्तकं सोडून आलेलं ते पहिलं पुस्तक.

पुढे त्रैमासिक बंद पडलं, मी मुंबईला आले, आणि मासिकाचा परीक्षणांचा विभाग माझ्याकडे आला. काम तुम्हाला ठाऊक आहेच. पुस्तकाच्या दोन प्रती येतात, एक कपाटात राहते, एक जाते. कुणाला द्यायचं ते ठरवायचं, फोन करायचा, मुदत द्यायची, मग मुदत उलटल्यावर पुन्हा फोन करायचा. तुमचं पुस्तक आलं त्या दिवशी टेबलाशी आम्ही दोघे होतो, मी आणि माझ्याबरोबर काम करणारे एक गृहस्थ. त्यांनीच पाकीट फोडलं. मुखपृष्ठावर माडांमागे मावळता सूर्य. "आणखी एका गुरुजींच्या आठवणी," ते म्हणाले आणि हसले. मी लेखकाचं नाव पाहिलं. हे माझे सर आहेत, एवढंच म्हणायचं होतं. मी ते म्हटलं नाही. सर, मीही थोडं हसले. त्यांनी दोन्ही प्रती खालच्या कप्प्यात सरकवल्या आणि आम्ही पुढचं पाकीट घेतलं.

पंधरा दिवसांनी तुमचा फोन आला. "पुस्तक पोचलं का?"

"पोचलं, सर."

"घाई नाही हो. माझ्या ओळखीच्या कुणाला नको देऊस. ज्याने माझं नावही ऐकलं नाही अशा कुणाला तरी दे."

"दिलंय, सर. एकांना."

कुणाला, हे तुम्ही विचारलं नाहीत. संपादकाला तसं विचारायचं नसतं असं तुम्हीच मला सांगितलं होतं. त्यानंतर वर्षभरात चार-पाचदा फोन केलात, दर वेळी ताज्या अंकाबद्दल बोलायला. अमुक परीक्षण लिहिणाऱ्याने शेवटचं प्रकरण वाचलेलं दिसत नाही, तमुक बाईंनी नेमकं बोट ठेवलंय. स्वतःच्या पुस्तकाचं नाव काढलं नाहीत. एकदा माझ्याच्याने राहवलं नाही, मी म्हटलं, "ते जरा सावकाश वाचतात, सर." तुम्ही म्हणालात, "मग बरंच की." फोन ठेवल्यावर मी कपाटापाशी गेले, कप्पा उघडला, आणि तेवढ्यात कुणीतरी हाक मारली म्हणून परत फिरले. उद्या कुणाला तरी देऊ, असं म्हटलं. ते उद्या झालंच नाही.

तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा म्हसळ्याला पोचायला मला दुसरी दुपार झाली. काकू ओसरीवर बसल्या होत्या. माझा हात धरून म्हणाल्या, "हे सारखे म्हणायचे, परीक्षण येत नाही म्हणजे माणूस पुस्तक दोनदा वाचतोय. एकदा वाचून लिहिणारे महिन्यात लिहितात." मी मान हलवली.

मुंबईला आल्यावर पुस्तक घरी आणलं. आधी मी त्यात स्वतःलाच शोधलं. सगळं पुस्तक चाळलं. मी कुठेच नव्हते. मग लाज वाटली आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. पाचवं प्रकरण त्या मुलीचं, जिचा निबंध फार चांगला उतरला म्हणून तुम्ही तो चोरलेला ठरवलात, आणि जी पुन्हा शाळेत आली नाही. वीस वर्षांनी तुम्ही पत्ता काढत तिच्या घरी गेलात, चूक माझी होती हे तिच्या तोंडावर सांगायला. तिने चहा केला आणि म्हणाली, "मला न्हाय आठवत, गुर्जी." आणि तुम्ही लिहिलंय की तिला आठवत होतं, कारण कप पुढे करताना तिने तुमच्याकडे पाहिलं नाही. तेवढ्या सात पानांसाठी मी महाराष्ट्रातल्या कुठल्याही वाचकाला हे पुस्तक घ्यायला सांगितलं असतं. शेवटची तीन प्रकरणं सत्कार आणि भाषणांत गेलीत, ती ढिली आहेत. तेही मी परीक्षणात लिहिलंय; लिहायला मात्र इतकी वर्षं लागली.

गेल्या महिन्यात काकूंना भेटायला गेले होते. त्यांचे गुडघे दुखतात, पण चहा त्यांनीच केला. बोलता बोलता म्हणाल्या, "यांचं पुस्तक ज्यांच्याकडे दिलं होतंस, त्यांचं पुढे काय झालं गं?"

मी म्हटलं, "ते वारले, काकू."

"अरेरे." मग त्यांनी विचारलं, "वाचून झालं होतं का त्यांचं?"

"हो," मी म्हटलं.

"चांगलं झालं," काकू म्हणाल्या, आणि माझ्यापुढे बशी सरकवली.

तुमचा पत्ता अजून तोच आहे. हे पत्र टाकलं तर पोस्टमन ते काकूंच्याच हातात देईल आणि त्या चष्मा लावून सगळं वाचतील. म्हणून टाकत नाही. काकूंना दुखवायचं नव्हतं म्हणून मी खोटं बोलले, असं आत्ता लिहिणार होते. पण तसं नाही, सर. मला त्या घरी पुन्हा जायचं आहे.