ह्यांची खुर्ची आत घ्या

ती. आई,
इथूनच पायांवर डोकं ठेवते.

मी बरी आहे. शेजारीण वाचायला पुस्तकं देते. तुमचे गुडघे कसे आहेत?

काल कामात घोळ झाला. संग्रहालयाच्या फेसबुकवर रोज एका जुन्या वस्तूचा फोटो टाकायचा, लोकांना उत्तरं द्यायची, हे माझं काम. ते करत असतानाच वन्संनी टाकलेला घराच्या साफसफाईचा फोटो दिसला. ह्यांची वेताची खुर्ची अंगणात, उन्हात. मी घाईने लिहिलं, ‘खुर्ची आत घ्या, वेत तडकेल.’ ते गेलं संग्रहालयाच्या नावाने. लोक विचारू लागले, खुर्ची कुठल्या राजाची?

साहेब म्हणाले, “बाई, आपल्याकडे न आलेल्या वस्तूंचीही काळजी घेता की.” मीही हसले. मग जिन्यात जाऊन थोडा वेळ बसले.

वन्सं म्हणतात, हे गेल्यापासून कुणी बसत नाही, देऊन टाकू. त्यांचं चुकत नाही. इथे खुर्च्यांना दोरी बांधतात, कुणी बसू नये म्हणून. आपल्या खुर्चीचं तसं नको. आई, संध्याकाळी तुम्ही तिच्यात बसत जा. वापरातली वस्तू कुणी देऊन टाकत नाही.

सुट्टीत येईन, तेव्हा तुम्हाला उठवून मी बसेन.

तुमचीच,
धाकटी सून