कोरी फीत

सावोनलिन्ना, ३ जून

प्रिय केर्तू,

शुक्रवारी तुझा फोन आला तेव्हा दुकानात इतकी गर्दी होती, की मी नुसतं हो-हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटणार होत्या. शाळा संपवून पांढरी टोपी मिळालेल्या प्रत्येकाच्या हातात एक गुलाब लागतोच. तीनशे गेले. माझ्या बोटांत अजून काटे आहेत.

घाईत टिपून घेतलेली तुझी ऑर्डर आज निवांतपणे वाचली. आपल्या आईच्या शवपेटीवर ठेवायला सात पांढरे गुलाब, आणि फितीवर ‘तुझ्या वहीतलं काहीतरी’. वाचायचंही मीच, कारण गोथेनबर्गहून तुला येणं जमणार नाही.

ती वही आता फाटायला आली आहे. ‘कष्टाचे हात विसावले’, ‘शांत झोप’, अशा चाळीस-पन्नास ओळी आहेत. लोक येतात, एका ओळीवर बोट ठेवतात, मी ती फितीवर उतरवते. मग चर्चमध्ये पेटीपाशी उभं राहून ते सगळ्यांसमोर वाचतात आणि मान लववून जागेवर बसतात. आपल्या माणसांना एवढंच बोलणं झेपतं. मलाही.

बाबांच्या वेळी, अकरा वर्षांपूर्वी, तू वहीला हात लावला नाहीस. स्वतःच्या अक्षरात लिहिलंस आणि खड्या आवाजात वाचलंस, “बाबा, तुम्ही प्यायलेले नसायचात तेव्हा तुमच्याइतकं प्रेमळ कोणी नव्हतं.” नंतर कॉफीच्या टेबलावर तुझ्या शेजारी कोणी बसलं नाही. घरची लक्तरं वेशीवर टांगलीस, असं आई म्हणाली, आणि तू संध्याकाळच्या बोटीने गेलीस ती गेलीसच. ती ओळ तू मला आदल्या दिवशी दाखवली होतीस. मला आवडलीही होती. पण आईने विचारलं तेव्हा मी म्हटलं, मला काही ठाऊक नव्हतं. केर्तू, त्याची लाज मला अजून वाटते.

यंदा मातृदिनाला आईला न्यायला बर्चच्या झाडांखालची पांढरी फुलं फुललीच नव्हती, थंडी लांबली. म्हणून मागच्या आठवड्यात घरामागची कीलोची पहिली घंटेसारखी फुलं दवाखान्यात नेली. आईने त्या इवल्याशा घंटांकडे बराच वेळ बघितलं. म्हणाली, “देशाचं फूल म्हणून मिरवतात, नम्रतेचं प्रतीक म्हणे. मान खाली घालायची आणि पोटात विष ठेवायचं. अगदी माझ्यासारखं.” नर्सने फुलदाणीतलं पाणी कोणी पिऊ नये म्हणून ती उंच कपाटावर ठेवली, तर आईला त्याचंही हसू आलं.

मग ती म्हणाली, “माझ्या वेळी केर्तूला वाचू दे. तू वहीतलंच वाचशील.”

दोन दिवसांनी ती गेली. फोनवर मी तुला हे सांगितलं नाही, दुकानात माणसं होती. खरं तर माणसं नसती तरी सांगितलं नसतं.

म्हणून तुझी ऑर्डर मी घेत नाही. या पाकिटात पांढरी फीत घातली आहे, कोरी. अंत्यविधी चौदा तारखेला, शनिवारी, दुपारी एक वाजता. गुलाब नकोत, कीलो अजून दोन आठवडे टिकेल, आपण दोघी सकाळी तोडू. आई प्रेमळ होती असं लिही किंवा नव्हती असं लिही, पण तूच वाच. या वेळी मी तुझ्या शेजारी उभी राहीन, आणि कोणी विचारलं तर सांगेन, की मला सगळं ठाऊक होतं.

तुझीच,
राइली