खोकल्याचा अल्बम

८ जून

चि. बेबीस,
अ. उ. आ. वि. वि.

रविवारी सकाळी दुकान उघडण्याआधी मी आरशावरच्या फळीवरची गाण्यांच्या अल्बमची सगळी रांग खाली उतरवली, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसलो आणि एकेक मांडीवर घेऊन पुसत, आईसाठी कोणते पाठवावेत याचा विचार करत राहिलो. त्या नादात निवृत्त मास्तर दाढीला आले तेही कळलं नाही. मी खुर्चीत आणि ते उभे. आज कोण कोणाची दाढी करणार, असं त्यांनी विचारलं तेव्हा उठलो.

शेवटी चार निवडले. पहिला त्या भरदार आवाजाच्या बाईंचा, प्रार्थनांचा. तो मी रोज सकाळी दुकान झाडताना लावतो. दुसरा बासरीचा, तिसरा व्हायोलिनचा. चौथा समूहगायनाचा आहे. इतकी माणसं एकदम गातात आणि कोणाचाही आवाज दुसऱ्याच्या पुढे जात नाही. हे कसं जमत असेल याचं मला अजून कोडं आहे. घरात चार माणसं जेवायला बसली तरी कोणीतरी पुढे जातंच.

तू लिहिलंस ते वाचलं. आईला आता अजिबात दिसत नाही, दिवस अंथरुणात पडून जातो, आणि संध्याकाळची प्रार्थना मी माझ्या आवाजात म्हणून पाठवावी असं तिनं मनात घेतलं आहे. फोन कानाशी धरला की तिला नुसती खरखर ऐकू येते, म्हणून उशाशी ठेवलेल्या यंत्रावर लावता येईल असं काहीतरी हवं, हेही समजलं. पण बेबी, तीच प्रार्थना बाईंच्या अल्बममध्ये पाचवी आहे. ज्यांना देवानं गळा दिला त्यांनी ती इतकी सुंदर म्हणून ठेवली असताना ती माझ्या घशातून कशाला काढायची? आईला उत्तम ते मिळावं म्हणून पाठवतो आहे. तुझ्या त्या ढोलवाल्या मुलींचा अल्बम मात्र तिला ऐकवू नकोस. भांड्यांचं कपाट कोसळल्यासारखं वाटतं. माझं मत मी बदललेलं नाही.

उत्तर पत्रानंच दे. फोन दुखण्याखुपण्यासाठी आणि पत्र वादासाठी, हे आपलं ठरलेलं आहे. लोभ आहे तसा राहू दे, आणि आईच्या पायांना माझा हात लाव.

तुझा,
दादा


१७ जून

ती. स्व. दादास,
बेबीचा शि. सा. न. वि. वि.

पार्सल पोचलं. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांना पाटीवरची अक्षरं वाचायला लावते, तेव्हा तुझं हस्ताक्षर वाचायला मला सवड आणि सराव दोन्ही आहे. बाकी कोणाला ते लागलं नसतं. आणि शेहेचाळिसाव्या वर्षी मला बेबी म्हणणारा तू जगात एकटाच उरलास, म्हणून चालवून घेते.

आता निकाल ऐक. बाईंचा अल्बम आईनं हात जोडून ऐकला. छान गातात म्हणाली. मग यंत्राचं बटण चाचपून बंद केलं आणि विचारलं, दादाला कळवलंस ना? बासरी ऐकता ऐकता तिला झोप लागली. व्हायोलिनवाला कोणाची तरी तक्रार सांगतोय म्हणाली. तुझ्या समूहगायनाला तिनं विचारलं की एवढ्या माणसांना कोणी बसायला तरी दिलंय का.

माझं म्हणणं मी तुला आधीही सांगितलंय. तुझे सगळे अल्बम धुतलेले, इस्त्री केलेले. कुठे सुरकुती म्हणून नाही. माझ्या ढोलवाल्या मुली निदान घामेजलेल्या तरी वाटतात.

पण एक गंमत झाली, ती लिहिण्यासाठी मी आज दुपारचा डबा घाईघाईत संपवला. माझ्याकडे त्या म्हाताऱ्या गायकाचा अल्बम आहे, तुला अजिबात न आवडलेला, खरखरीत आवाजाचा. तो एका लहानशा सभागृहात लोकांसमोर रेकॉर्ड केलेला आहे. मी भाजी निवडता निवडता माझ्यासाठी लावला होता. दुसरं गाणं संपल्यावर ऐकणाऱ्यांत कोणीतरी खोकतं, खुर्ची करकरते, आणि म्हातारा काहीतरी पुटपुटून चुकलेली ओळ परत घेतो. त्या खोकल्याला आईनं मान वळवली. कोण आलंय, असं विचारलं. मी सांगितलं की कोणी नाही, अल्बम आहे. तरी पुढची सगळी गाणी तिनं मान तशीच ठेवून ऐकली, आणि बटण बंद केलं नाही.

तो अल्बम पाठवते आहे. नाक न मुरडता शेवटपर्यंत ऐक.

डॉक्टर परवा येऊन गेले. वयाला औषध नाही म्हणाले. जेवण दोन घासांवर आलंय. किती दिवस, हे ते सांगत नाहीत आणि मी विचारत नाही. रोज संध्याकाळी ती मला विचारते, की दादाचं आलं का. मी रोज वेगळं कारण सांगते आणि माझी कारणं आता संपत आली आहेत.

माया पातळ करू नकोस. रागावलास तरी चालेल.

तुझी,
बेबी


२८ जून

चि. बेबीस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझा खोकल्याचा अल्बम दुकानात लावला. बँकेतल्या कॅशियरच्या एका गालाला साबण होता, त्यानं तसंच वळून विचारलं की गाणाऱ्याला बरं नाही का, आणि बरं नसेल तर घरी का बसत नाही. बाकावरचा टॅक्सीवाला उसळलाच. बाईंचं गाणं रोज ऐकून ऐकून कान गुळगुळीत झाले, आज पहिल्यांदा कोणीतरी माणूस गातोय, बंद केलंत तर केस न कापता जाईन, म्हणाला. कॅशियर म्हणाला, जा, म्हणजे माझा नंबर लवकर लागेल. मास्तरांनी नेहमीप्रमाणे निवाडा दिला. माणसाला मिशी फुटायच्या आत जे कानावर पडतं तेच त्याला आयुष्यभर चांगलं वाटतं, बाकी सगळा वाद वेळ घालवण्यासाठी, असं त्यांचं मत. मग माझ्या कानावर मिशी फुटायच्या आत काय पडलं, याचा मी दिवसभर विचार करत होतो. आईचाच आवाज पडला, दुसरं काय.

अल्बम मला आवडला असं खोटं लिहिणार नाही. सूर डळमळतो. पण तिसऱ्यांदा लावला तेव्हा लक्षात आलं की मी वस्तरा थांबवून त्या खोकल्याची वाट बघतो आहे. असं का व्हावं?

शनिवारी आमच्या गल्लीतला रेकॉर्डिंगवाला केस कापायला आला. गाणी रेकॉर्ड करून देणं हाच त्याचा धंदा, तेव्हा त्यालाच विचारलं. तो हसला. म्हणाला, अल्बम करताना गाणाऱ्याचा श्वास कापून टाकतात. दोन ओळींच्या मधे हवा ओढल्याचा आवाज येतो ना, तो काढतात. तुमच्या बाई अख्ख्या अल्बममध्ये एकदाही श्वास घेत नाहीत, घरी जाऊन बघा.

दुकान बंद केल्यावर कान लावून बसलो. खरंच घेत नाहीत गं! इतकी वर्षं रोज सकाळी ऐकतो आहे आणि हे माझ्या कधी ध्यानात आलं नाही. एक ओळ संपते, लगेच दुसरी सुरू. मधे काहीच नाही, जसं मधे कोणी नाहीच. तुझ्या म्हाताऱ्याचा श्वास मात्र दारातून आत येणाऱ्या माणसासारखा आधी ऐकू येतो आणि मग तो गातो. आई तिकडे मान वळवते ती यासाठी असेल का?

आता तुझ्या मुख्य तक्रारीबद्दल. मी का टाळतो आहे ते तुला सांगायला हवं. आपल्या घरी संध्याकाळची प्रार्थना आई सांगायची आणि आपण मागून म्हणायचो. एकदा पाहुणे बसले होते. मी जोरात म्हणायला लागलो, सगळ्यांचा सूर गेला, आणि आईनं हसत सांगितलं की तू नुसते हात जोडून बस, देवाला तेवढं पुरतं. सगळे हसले. तू सर्वांत मोठ्यानं. आई प्रेमानंच बोलली, मी रागावलोही नाही. मी फक्त तिचं ऐकलं आणि अजून ऐकतो आहे. प्रार्थनेला जातो, हात जोडतो, तोंड उघडत नाही. आता तीच म्हणते म्हण, तर कसं म्हणू ते मला समजत नाही.

पण तुझी कारणं संपली आहेत हे वाचून राहवलं नाही. रेकॉर्डिंगवाल्याच्या खोलीत जाऊन प्रार्थना म्हणून आलो. घाम फुटला होता. मी त्याला विनवलं की बाबा, सूर सरळ कर, चुका काढ, जे जमेल ते कर. त्यानं सगळं केलं. ऐकलं तर मी चक्क गवई! सोबत पाठवतो आहे. आईला सांग की दादानं पाठवलं.

आशीर्वाद आहेतच. तब्येतीकडे बघ.

तुझा,
दादा


९ जुलै

ती. स्व. दादास,
बेबीचा शि. सा. न. वि. वि.

तुला दुखेल म्हणून हे पत्र दोनदा फाडलं. तिसऱ्यांदा सरळ लिहिते.

तुझं आलेलं लावलं. मलाच क्षणभर वाटलं की पोस्टानं भलत्याचंच पार्सल आपल्याकडे दिलं. आईनं हात जोडून शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, गाणारा मुलगा चांगला आहे, पण घाईत आहे, कुठे थांबतच नाही. मी सांगितलं की आई, हा दादा आहे. तिनं माझा हात शोधला आणि त्यावर थोपटलं, जसं लहान पोरीनं थाप मारली की आपण चालवून घेतो तसं. नंतर म्हणाली, त्याला दुकानातून वेळ होत नसेल तर राहू दे, त्याच्या नावावर दुसऱ्याचं लावू नकोस, मला दिसत नाही, पण एवढं कळतं.

दादा, मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. त्या दिवसापासून तिनं तुझं आलं का हे विचारणं सोडलंय. रोज विचारायची तेव्हा मला कंटाळा यायचा. आता संध्याकाळ झाली की मीच तिच्या तोंडाकडे बघत बसते.

तुझी ती पाहुण्यांची गोष्ट मला आठवते. मी हसले होते हे खरं, पण मी तेव्हा मांजर शिंकलं तरी हसायचे. मग मी धीर करून आईलाच विचारलं, की तू दादाला गप्प बसवलं होतंस हे आठवतं का. तुला वाटत असेल की तिला वाईट वाटलं असेल. मुळीच नाही. म्हणाली, आठवत नाही, पण म्हटलं असेन तर खरंच म्हटलं असेन, त्याचा सूर कधी लागत नव्हताच. मी म्हटलं की मग आता त्याच्याकडूनच कशाला हवंय. तर माझ्यावरच चिडली. म्हणाली, सुरात म्हणणारे पुष्कळ आहेत, त्यातला आपला कोणता हे मी कसं ओळखायचं?

तू तुझ्या अल्बमवर आणि मी माझ्या अल्बमवर इतकी पानं भरली. आईचं आपलं तिसरंच काही चाललं होतं.

आता दुसऱ्या कोणाचं काही पाठवू नकोस. तुझं असेल तर पाठव. आणि ते झाडून-पुसून नको.

लहानपणी खूप छळलंस, त्या हिशेबात एवढं ऐक. प्रेम आहेच.

तुझी,
बेबी


१६ जुलै

चि. बेबीस,
अ. उ. आ. वि. वि.

पत्र मिळालं. आईनं तुझा हात थोपटला ते डोळ्यांपुढून जात नाही. आंधळ्या आईला फसवणारा मुलगा, असं तिला माझ्याबद्दल वाटू नये म्हणून तिनं ती थाप तुझीच मानली.

रेकॉर्डिंगवाल्याकडून हातात मावेल एवढं यंत्र उसनं आणलं. तो सोबत येतो म्हणाला, मी नको म्हटलं. काल सकाळी शटर अर्ध्यावर ठेवलं, यंत्र पावडरच्या डब्याशेजारी मांडलं आणि उभा राहिलो. पहिला सूर इतका वर लावला की दुसऱ्याच ओळीला आवाज फाटला. थांबलो. खाली घेऊन परत सुरू केलं. तिसऱ्या कडव्याला एक विचित्र गोष्ट कळली. मला पुढची ओळ येत नव्हती! रोज ऐकतो, मनात पूर्ण असते, पण तोंडाला ती कधी ठाऊकच नव्हती. कानांनी पाठ केलेलं आणि तोंडानं पाठ केलेलं वेगवेगळं असतं, हे पन्नाशीला आल्यावर समजतंय. इतकी वर्षं मी देवापुढे हात जोडून उभा आहे. त्याला मी दुसऱ्यांचंच ऐकवत होतो की काय, असं मनात आलं. त्याला ते चाललं असेल. पण त्यालाही कधीतरी वाटलं असेल, की याचं स्वतःचं काय म्हणणं आहे?

ओळ आठवेपर्यंत गुणगुणत राहिलो. तेवढ्यात मास्तरांनी शटरवर टकटक केली. मी यंत्र बंद न करता ओरडलो की जरा थांबा, प्रार्थना चालू आहे. ते बाहेरून म्हणाले की चालू द्या, मला वाटलं कोणाला लागलं. तेही त्यात आलं आहे. मग शेवटची दोन कडवी म्हटली. ती कशी झाली ते मला सांगता येणार नाही. माझा श्वास मात्र मला स्वतःला ऐकू येत होता.

रेकॉर्डिंगवाल्यानं ते होतं तसं तबकडीवर उतरवून दिलं. टकटक तरी काढू का, असं त्यानं विचारलं. मी नको म्हटलं. तबकडी आत्ता समोर आहे, पाकीट उघडं आहे. एकदा लावून बघावं असं सारखं वाटतंय. पण मी मला ओळखतो. ऐकलं की म्हणेन उद्या अजून एकदा करू, आणि उद्या परत तेच.

तुझ्या म्हाताऱ्याचा अल्बम मी परत करत नाही. अजून तो मला पुरता आवडलेला नाही, आणि का आवडत नाही हे शोधायचं आहे. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा,
दादा

ता. क. हे पत्रही त्याच पाकिटात घालायचं होतं, पण तेवढ्यात उठलो, पाकीट बंद केलं आणि आधी तबकडीचं पार्सलच घेऊन पोस्टात गेलो. खिडकीतल्या बाईंनी आत काय आहे म्हणून विचारलं. मी म्हटलं, माझा आवाज आहे. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, वजन केलं, शिक्का मारला आणि मागच्या पोत्यात टाकलं. मी ते ऐकलेलं नाही.