धन्याचं पाणी

माय, तुझी नात बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. सातवा लागला. काल चहा पिताना ती मला, बापाला, सरळ म्हणाली, "बाबा, लघवीले जळजळ होऊन राह्यली. दवाखान्यात चला." मी कप तसाच ठेवला आणि गाडी काढली. मारेगावला तपासणी झाली, गोळ्या मिळाल्या. परतताना सारखी तूच आठवत होतीस.

कापसाला भाव नव्हता त्या वर्षांतली गोष्ट. पहिल्या वेचणीची सीतादहीची पूजा झाली, तू धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, दहीभात ठेवलास, आणि तुझी सून सहा महिन्यांचं पोट घेऊन वेचायला लागली. वावरात आडोसा नाही, म्हणून बाया दिवसभर पाणीच पीत नसत. तिला जळजळ सुरू झाली. तू अर्ध्या गावाची सुईण, म्हणालीस, "उष्णता झाली वं पोरी, धन्याचं पाणी घे." नर्सबाई महिन्यातून एकदा यायच्या, पण तेव्हा आम्ही वावरात असायचो. पुढे सुनेला ताप आला, दिवस भरण्याआधीच पाणमोट फुटली. मुलगा झाला. तिसऱ्या दिवशी तो दूध ओढेना, अंग गार पडलं. यवतमाळला नेलं. आईच्या लघवीतला जंतुसंसर्ग वर चढून बाळाला भोवला, वेळेवर तपासलं असतं तर औषधानं थांबला असता, असं डॉक्टर म्हणाले. पाचव्या दिवशी आम्ही त्याच्याशिवाय घरी आलो.

दुसऱ्या खेपेला तू स्वतः सुनेचा हात धरून उपकेंद्रात जातेस. जिच्याशी तुझं कधी पटलं नाही त्या नर्सबाईला म्हणतेस, "या बाटलीत काय पाह्यतं तू? मलेही शिकव." ती हसते, "म्हातारे, आता माह्या पोटावर पाय देतं का?" तू म्हणतेस, "अवं, तो तर मी आपल्याच पोटावर देऊन बसली." मग दर महिन्याला वजन, रक्त, लघवी, एकही तपासणी तू चुकू दिली नाहीस. जुनं लुगडं चार काठ्यांना बांधून वावरात आडोसा केलास. बाया हसल्या, "सासूबाईनं महाल बांधला!" पण जाऊ लागल्या, पाणी पिऊ लागल्या. मला मात्र सगळ्यांदेखत झापलंस, "तिले पाणी पाजत जा. कापूस पऱ्हाटीवर उद्याही राहीन." नात झाली तेव्हा तिचं रडणं ऐकून तू ओट्यावर बसलीस आणि कितीतरी वेळ हात जोडूनच होतीस.

तरी जाईपर्यंत तू म्हणत राहिलीस, "माह्या धन्याच्या पाण्यानं नातू गेला." मी तुझे पाय चेपत राहायचो. हा कागद आता पोथीत ठेवतो, पाठवणार कुठं? त्या वेळी ताप यायच्या आठ दिवस आधी तुझी सून मला म्हणाली होती, "उद्या नर्सबाई येणार हाये, दाखवून येऊ का?" मी म्हटलं होतं, "एवढी वेचणी होऊ दे." तिनं ते तुला कधी सांगितलं नाही. मीही नाही.