सुलक्षाच्या गाडीचा पंप

६ फेब्रुवारी, शुक्रवार
कोरगावच्या चढावर गाडी बंद. मागे मंडपाचे खांब, खुर्च्या, भांडी, आणि लग्न उद्या सकाळी. सुलक्षा स्टेअरिंगवर, मी बाजूला. तिने दोनदा सेल्फ मारला, माझ्याकडे बघितलं नाही. बरं केलं, माझं तोंड बघण्यासारखं नव्हतं. शेवटी नवरीकडचीच माणसं खाली आली आणि खुर्च्या डोक्यावर घेऊन चालू लागली. नवरीचा काका सगळ्यांत पुढे, दोन खुर्च्या घेऊन. मंडप वेळेत उभा राहिला. गाडी ओढून सुर्ल्याला घरी आणली. माझ्या हाताखालचा मारुती म्हणतो, डिझेलचा पंप गेला. मला ते चढावर अर्ध्यातच कळलं होतं, पण लेकीसमोर लगेच कबूल कशाला करा.

८ फेब्रु., रवि.
दिवसभर गाडीभोवती फेऱ्या. हिने विचारलं, प्रदक्षिणा किती झाल्या?
ही गाडी खनिजाची. खाणी बंद पडल्या तेव्हा इतरांनी आपापल्या भंगारात घातल्या. मी टिपरचा हौदा काढला, लांब बॉडी बसवली, मोठ्या गाडीचं सहा सिलिंडरचं इंजिन घातलं आणि मंडपाचा धंदा धरला. इंजिन एकीचं, पंप दुसरीचा. एवढी वर्षं नांदले, आता नाही.
माझा डावा गुडघा क्लच दाबायला तयार नाही. १ मार्चपासून सु. एकटी गाडी नेणार. म्हापशाची ऑफिसातली नोकरी तिने यासाठीच सोडली. पुन्हा दोनदा अशी बंद पडली तर गिऱ्हाईक तुटेल आणि पोर परत त्या ऑफिसात जाईल. पंप असा हवा की ती एकटी असताना रस्त्यात दगा देणार नाही. भीती वाटते, लिहून ठेवतो.

१० फेब्रु.
डिचोलीला रायू मेस्तकडे, सु.ही बरोबर. आयुष्यभर डिझेल पंपच दुरुस्त केलेला माणूस. जुना पंप त्याने मशीनवर चढवला. समोर काचेच्या सहा नळ्या, सहा सिलिंडरच्या. प्रत्येकीत डिझेल सारखं चढायला हवं. चौथी निम्म्यावर राहिली, सहावी तर तळालाच.
रायूने चष्मा काढला. "शांताराम, पंप मरूक नाय. तू मारलस."
सु. माझ्याकडे बघत राहिली. मग सांगावंच लागलं. पंप सेट केला की मेस्त स्क्रूला तार घालून शिशाचं सील मारतो. खनिजाच्या दिवसांत आम्ही ते सील घेऊन सुर्ल्यापर्यंत कधी पोचलोच नाही. वाटेतच पक्कड लावायची, स्क्रूला पाव फेरा द्यायचा. डिझेल जास्त जातं, गाडी ओढते, काळा धूर सोडते. ज्याचा धूर काळा, तो मर्द. असे चार पंप मी खाल्ले आणि दर वेळी दोष डिझेलला दिला.
येताना सु. म्हापशाच्या नोकरीचा विचार करत असेल, असं वाटून घेतलं.

१३ फेब्रु.
प्रत्येकाला आपला पंप थोर. मारुती खानापूरकडचा, वीस वर्षं माझ्याकडे, माझ्याइतकाच हट्टी. त्याचं म्हणणं, दारच्या फणसाखाली पडलेल्या दुसऱ्या जुन्या खनिजाच्या गाडीचा पंप काढून बसवू. "मालक, हत्तीगत ओढतंय बगा ते." म्हापशाचा दुकानदार रोटरी पंप दाखवतो. हलका, छोटा, इंजिन सुळकन चालतं. पण डिझेलात पाण्याचा थेंब आला तरी त्याचं पोट बिघडतं. आणि रायू म्हणतो, आहे तोच इनलाइन पंप आतून नवा करू.
माझं मन फणसाखालच्या पंपावर. ओढ ती ओढ.

१६ फेब्रु., सोम.
सु.ला घेऊन पुन्हा रायूकडे. मी ताकद, चढ, वजन असं बोलत होतो. तिने सगळं ऐकून घेतलं आणि रायूला एकच विचारलं.
"बंद पडच्या आदी सांगता खंयचो पंप?"
रायू म्हणाला, "इनलाइन सांगता. आठ दिस आदी सकाळचो चालू होवक त्रास दिता, धूर बदलता. रोटरी कायच सांगणा नाय. आज आसा, फाल्यां नाय."
"आणि फणसाखालचो?"
"तो पावसात भिजलोसा. आत काय आसा ता देवाक म्हायत."
ठरलं. इनलाइन, आतून नवा.
चाळीस वर्षं गाड्या चालवल्या, हा प्रश्न मला कधी सुचला नाही. रायूने तिला चहा दिला. मला कधी दिलेला आठवत नाही.

२१ फेब्रु., शनि.
पंप तयार. सहाही नळ्यांत डिझेल एका ओळीत. बघून जीव निवला. रायूने सील मारलं आणि माझ्याकडे बोट दाखवून सु.ला म्हणाला, "ह्येच्यापासून सांबाळ."
घरी पंप बसवला. मारुतीच्या हातात पक्कड आपोआप आली. "मालक, पाव फेरा. कुणाला कळतंय?" माझाही हात पुढे गेला होता, खोटं कशाला बोलू. पण नको म्हटलं. मारुती दुखावला. संध्याकाळी हिने त्याला उसळ-पाव दिला तेव्हा बोलायला लागला.

१ मार्च, रवि.
सु. एकटी गेली. तेरेखोलच्या वाटेवर कुणाचा तरी वाढदिवस. मी पेपर उलटा धरून बसलोय, असं ही म्हणाली. नव्हता उलटा.
साडेअकराला फोन. "पोचलंय. जेवलात?" एवढंच.
दुपारी दोन घास जास्त गेले. खूप दिवसांनी असं बरं वाटलं.

५ मार्च, गुरु.
आज पुन्हा कोरगाव, तोच चढ. गाडी थांबली नाही. सु. आली, हातपाय धुतले, खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली.
"बाबा, गाडी बरी आसा. बंद पडाक नाय. पण चढार पोदेर स्कूटरवरसून पुढे गेलो. मागे पावांची टोपली, आणि वळान माझ्याकडे बघून हसलो."
म्हटलं, हसू दे त्याला.
"ता ऱ्हवांदे. माका सांगा, तो स्क्रू किती फिरवूचो?"
बाहेर मारुती काच पुसत होता, तो पुसायचा थांबला. ही चुलीपासून म्हणाली, "तुमचीच चेडू."
पाव फेरा. अगदी जिभेवर होतं. खरं सांगायचं तर मला इतका आनंद झाला की लाज वाटली, आणि त्याच वेळी रायूच्या मशीनवरची तळालाच राहिलेली सहावी नळीही आठवली. बघू, विचार करून सांगतो, असं म्हणून उठलो.
"बेगीन सांगा," ती म्हणाली. "आयतवारी परत तोच चढ आसा."
आज गुरुवार.