डाव्या हाताच्या उपाशीपणाचा दाखला

प्रति,
प्रमुख डॉक्टर,
स्नायू संशोधन विभाग, दुसरा मजला.

विषय : बुधवारी माझा डावा हात उपाशी होता, असा दाखला मिळणेबाबत.
संदर्भ : आपण माझ्या दोन्ही हातांत खुपसलेल्या सुया.

डॉक्टरसाहेब,

यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर माझी कवळी चारचौघांत गळून पडो.

मी खाली रुग्णालयाच्या धुलाईखान्यात आहे. चादरीचं एक टोक माझं, दुसरं धाकट्या जावेचं. आमच्या चुली वेगळ्या होऊन एकोणीस वर्षं झाली. तेव्हापासून आम्ही भांडतो ते फक्त चादर पिळताना.

१) मंगळवारी रात्रीपासून आपण मला प्रयोगासाठी उपाशी ठेवलंत. बुधवारी सकाळी चष्मेवाल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, आत्ता दोन्ही हात चरबीवर चाललेत." मग इन्सुलिन सोडलं, तेही फक्त उजव्यात! उजव्याला वाटलं जेवण झालं, तो लागला साखर ओढायला. डावा आपला चरबी जाळत बसलेला. साहेब, हा पंक्तिप्रपंच नाही तर काय?

२) दुपारी कामावर उजवा सुस्त, डावा चवताळलेला. चादर एकीकडून कोरडी, दुसरीकडून ठिबकतेय. डाव्याने साबणाची वडी दोनदा तोंडापर्यंत नेली, दोन्ही वेळा उजव्याने हिसकावली. जाऊ म्हणाली, "अगं बाई, तुझ्या अंगातही वाटण्या झाल्या का?"

३) त्याच भरात डाव्याने उशीची ओली खोळ मुकादमांच्या तोंडावर फेकली. मी आवरत होते हो! पण उपाशी माणूस ऐकत नाही, तिथे हात काय ऐकणार?

आता त्याची शिक्षा म्हणून सोमवारपासून मला वरच्या खोलीत एकटीने बटणं शिवायला बसवणार आहेत. तिथे मी भांडू कुणाशी, बटणांशी? डॉक्टरीणबाई म्हणतात, इन्सुलिनचा असर त्याच दिवशी उतरला. त्यांनी हाताला विचारलं होतं का?

तरी शनिवारच्या आत दाखला द्यावा.

आपली नम्र,
धुलाईखान्यातली आजी
(सही उजव्या हाताने. डाव्याने कागद धरायलाही नकार दिला.)
गुरुवार

सोबत : सदर खोळ, वाळवून.

ता. क. एक तपशील तेवढा माझ्या पदरचा. खोळ उजव्यानेच फेकली. उपाशी हाताला एवढा नेम कुठला? दाखल्यात हात कोणता ते मोघम लिहावं. मुकादम जावेकडे बोट दाखवून म्हणाले होते, "हिच्या हातांत आता जीव उरला नाही." तिला असं टाकून बोलायचा हक्क फक्त माझा आहे.